स्वांते अऱ्हेनियस

स्वांते आउगुस्ट अऱ्हेनियस (१९ फेब्रुवारी १८५९ – २ ऑक्टोबर १९२७) हे स्वीडनमधील भौतिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ होते. मीठ, आम्ल किंवा आम्लारी पाण्यात विरघळले की त्याचे विद्युतप्रभारित कणांत, म्हणजे आयनांत, आपोआप विचरण होते आणि म्हणूनच असे द्रावण वीज वाहून नेते, हा सिद्धांत त्यांनी मांडला. या कार्यासाठी त्यांना १९०३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक होत. भौतिकी रसायनशास्त्र या शाखेच्या संस्थापकांमध्ये विल्हेल्म ओस्टवाल्ड आणि याकोबुस व्हान्ट हॉफ यांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतले जाते. रासायनिक अभिक्रियेचा वेग आणि तापमान यांचा संबंध सांगणारे समीकरण त्यांच्या नावाने ओळखले जाते. हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणाचा पृथ्वीच्या तापमानावर होणारा परिणाम आकड्यांत मांडणारे ते पहिले शास्त्रज्ञ होत.

ज्या संशोधनासाठी त्यांना पुढे जगातील सर्वोच्च पारितोषिक मिळाले, त्याच संशोधनावरील प्रबंधाला त्यांच्या विद्यापीठाने १८८४ मध्ये खालची श्रेणी दिली होती.

बालपण आणि शिक्षण

अऱ्हेनियस यांचा जन्म उप्साला शहराजवळील विक या ठिकाणी झाला. त्यांचे वडील स्वांते गुस्ताव अऱ्हेनियस हे उप्साला विद्यापीठाचे भूमापक होते आणि विक येथील जहागिरीची व्यवस्थाही पाहत असत. आईचे नाव कारोलिना तुनबेर्ग. १८६० मध्ये हे कुटुंब उप्साला येथे राहावयास गेले. स्वांते वयाच्या तिसऱ्या वर्षी कोणी न शिकवता वाचावयास शिकले. वडिलांच्या हिशेबाच्या वह्यांतील आकड्यांच्या बेरजा पाहत पाहत त्यांना अंकगणिताची गोडी लागली. आकड्यांच्या लांबलचक रांगांमधून नियम शोधण्याची ही आवड आयुष्यभर टिकली. त्यांच्या पुढील संशोधनात स्वतः केलेल्या प्रयोगांइतकेच महत्त्व इतरांच्या मोजमापांतून काढलेल्या निष्कर्षांना आहे.

उप्साला येथील कॅथेड्रल शाळेतून ते १८७६ मध्ये उत्तीर्ण झाले. त्या वर्षी शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांत ते वयाने सर्वांत लहान होते. त्यानंतर त्यांनी उप्साला विद्यापीठात गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचा अभ्यास केला. तेथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक टोबियस रॉबर्ट थालेन हे वर्णपटांच्या अभ्यासासाठी, तर रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेर तेओडोर क्लेव हे मूलद्रव्यांच्या शोधासाठी विख्यात होते. होल्मियम आणि थुलियम ही मूलद्रव्ये क्लेव यांनी १८७९ मध्ये शोधली होती. मात्र वीज आणि रसायन यांच्या सीमेवरील ज्या प्रश्नांकडे अऱ्हेनियस यांचा ओढा होता, त्यांना उप्सालात मार्गदर्शक मिळेना. म्हणून १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला गेले आणि स्वीडिश विज्ञान अकादमीचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक एडलुंड यांच्या हाताखाली काम करू लागले.

प्रश्नाची पार्श्वभूमी

कोणता द्रव वीज वाहून नेतो आणि कोणता नाही, हे तपासण्याचा प्रयोग आज शाळेच्या प्रयोगशाळेत केला जातो. एका चंचुपात्रात द्रव घेऊन त्यात कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींना न टेकतील अशा ठेवतात आणि त्या कांड्या विद्युतघट व छोटा दिवा यांच्याशी तारांनी जोडतात. ऊर्ध्वपातित पाण्यात दिवा लागत नाही. कोरडे मीठ घेतले तरी लागत नाही. मात्र ते मीठ त्याच पाण्यात विरघळवले की दिवा लागतो. साखर कितीही विरघळवली तरी दिवा अंधाराच राहतो. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणात तो प्रखर उजळतो, तर तेवढ्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरमधील आम्लात, अगदी मंद होतो किंवा डोळ्यांना लागलेला दिसतच नाही.

या साध्या प्रयोगात दोन कोडी दडलेली आहेत. मीठही वाहक नाही आणि शुद्ध पाणीही जवळजवळ वाहक नाही, तर मग त्यांचे मिश्रण वाहक कसे होते, हे पहिले कोडे. दोन आम्ले सारख्याच प्रमाणात घेतली तरी एक चांगले वाहक आणि दुसरे क्षीण वाहक का ठरते, हे दुसरे.

एकोणिसाव्या शतकात या कोड्यांवर पुष्कळ विचार झाला होता. थिओडोर ग्रोटहुस यांनी शतकाच्या आरंभीच, पाण्याचे कण साखळीने उभे राहून आपले घटक एकमेकांना देत जातात, अशी कल्पना मांडली होती. मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये आयन, धनाग्र, ऋणाग्र इत्यादी संज्ञा रूढ केल्या आणि किती वीज वाहिली म्हणजे किती पदार्थ विद्युताग्रांवर सुटा होतो याचे नियम सांगितले. मात्र द्रावणातील रेणूंचे तुकडे विजेच्या जोरामुळेच होतात, अशीच बहुतेकांची समजूत होती. रुडॉल्फ क्लाउझियस यांनी १८५७ मध्ये या समजुतीतील अडचण दाखवली. रेणू फोडण्यास वीज लागत असती, तर विशिष्ट मर्यादेपेक्षा कमी दाबाची वीज द्रावणातून वाहिलीच नसती. प्रत्यक्षात अगदी क्षीण दाबानेही ती वाहते. म्हणून द्रावणात काही थोडे रेणू कोणत्याही क्षणी फुटलेले असलेच पाहिजेत, असे त्यांनी सुचवले. हे रेणू किती, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांनी दिले नाही.

मोजमापाची अडचणही मोठी होती. एकाच दिशेने वाहणारी वीज द्रावणातून सोडली की विद्युताग्रांवर वायूचे बुडबुडे किंवा इतर पदार्थ जमतात, उलट दिशेचा विद्युतदाब निर्माण होतो आणि द्रावणाचा खरा रोध कळत नाही. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख कोलराउश यांनी सतत दिशा बदलणारी वीज वापरून ही अडचण दूर केली आणि अनेक क्षारांच्या द्रावणांची वाहकता अचूक मोजली. द्रावण जसजसे विरल करावे, तसतशी त्यातील पदार्थाच्या ठरावीक राशीमागे मिळणारी वाहकता वाढत जाते, हे त्यांच्या मोजमापांतून दिसून आले होते. असे का घडते, याचा उलगडा झालेला नव्हता.

स्टॉकहोममधील प्रयोग

अऱ्हेनियस यांनी हे काम हाती घेतले, तेव्हा त्यांचा मूळ हेतू वेगळाच होता. साखरेसारख्या पदार्थाची वाफ करता येत नाही, त्यामुळे तिचे रेणुभार ठरवण्याची तेव्हाची पद्धत तेथे चालत नसे. असा पदार्थ वाहक द्रावणात मिसळल्यास वाहकता किती घटते हे मोजून त्याचा रेणुभार काढता येईल, अशी त्यांची कल्पना होती. मोजमापे सुरू झाल्यावर मात्र द्रावणाची वाहकता हाच अधिक मूलगामी प्रश्न असल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि साखरेचा विषय मागे पडला.

१८८२–८३ च्या हिवाळ्यात त्यांनी अतिशय विरल द्रावणांची वाहकता पद्धतशीरपणे मोजली. तोवर बहुतेक संशोधक संहत द्रावणांवर काम करीत असत, कारण त्यांचे मापन सोपे जाई. विरल द्रावणांत मात्र कोलराउश यांना दिसलेली वाढ अधिक ठळक झाली. १८८३ च्या वसंतात उप्सालाजवळच्या घरी परतून ते या आकड्यांचा विचार करीत राहिले. त्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार १७ मे १८८३ च्या रात्री या प्रश्नाची उकल त्यांना सुचली आणि ती पूर्ण मनात मांडून होईपर्यंत झोप लागली नाही.

उकल अशी होती: द्रावणात विद्राव्य पदार्थाचे रेणू दोन प्रकारचे असतात. काही वीज वाहून नेण्यास समर्थ, तर उरलेले असमर्थ. त्यांना त्यांनी सक्रिय आणि निष्क्रिय अशी नावे दिली. पाणी वाढवावे तसे निष्क्रिय रेणू सक्रिय होत जातात, म्हणून वाहकता वाढते. जो रेणू वीज वाहण्यास सक्रिय, तोच रासायनिक अभिक्रियेतही सक्रिय असतो, हे त्यांचे दुसरे आणि अधिक धाडसी विधान होते. अर्थात आम्लाचे बळ किती, हे त्याच्या वाहकतेवरून सांगता आले पाहिजे. हायड्रोक्लोरिक आम्ल उत्तम वाहक आहे आणि तेच प्रबळ आम्ल आहे. ॲसेटिक आम्ल क्षीण वाहक आहे आणि तेच दुर्बळ आहे. हा योगायोग नसून दोन्हींचे कारण एकच आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

प्रबंध आणि त्याचा निकाल

हे संशोधन त्यांनी विद्युत अपघटनी पदार्थांच्या वाहकतेवरील सुमारे १५० पानांच्या फ्रेंच भाषेतील प्रबंधात मांडले आणि डॉक्टर पदवीसाठी १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला सादर केले. प्रबंधात ५६ विधाने होती. त्यांपैकी बहुतेक पुढे बरोबर ठरली.

परीक्षकांना मात्र प्रबंध पटला नाही. त्याला कारणेही होती. काही निष्कर्ष स्वतःच्या प्रयोगांवर नव्हे, तर इतरांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांवर आधारलेले होते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्यात रसायन फार होते आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने भौतिकी फार. नवी मूलद्रव्ये शोधणे आणि संयुगे तयार करणे यालाच रसायनशास्त्र मानणाऱ्या क्लेव यांना, विजेच्या मापावरून रासायनिक गुणधर्म सांगण्याचा हा प्रयत्न आपल्या विषयाबाहेरचा वाटला. प्रबंधाला उत्तीर्ण होण्यापुरती चौथी श्रेणी मिळाली, आणि तोंडी परीक्षेतील बचावानंतर ती तिसरी झाली.

या श्रेणीचा अर्थ केवळ मानहानी एवढाच नव्हता. उप्सालात अध्यापक होण्यासाठी याहून वरची श्रेणी लागत असे. पंचवीस वर्षांच्या या तरुणापुढे विद्यापीठातील मार्ग जवळजवळ बंद झाला.

ओस्टवाल्ड यांचा पाठिंबा

अऱ्हेनियस यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशातील नामवंत शास्त्रज्ञांना पाठवल्या. त्यांत क्लाउझियस, लोथार मायर, व्हान्ट हॉफ आणि रिगा येथील विल्हेल्म ओस्टवाल्ड यांचा समावेश होता. सर्वांत आधी ओस्टवाल्ड यांनी त्याचे महत्त्व ओळखले. ते स्वतः आम्लांच्या बळाचे मापन वेगळ्या मार्गाने, म्हणजे अभिक्रियांच्या वेगावरून, करीत होते. त्यांनी आपल्याजवळची आम्ले घेऊन वाहकता मोजून पाहिली. वेगावरून लावलेला आम्लांचा क्रम आणि वाहकतेवरून लागलेला क्रम एकमेकांशी जुळले. एकाच दिवशी आपल्या वाट्याला दातदुखी, कन्यारत्न आणि अऱ्हेनियस यांचा प्रबंध आला आणि तिहींत प्रबंधानेच झोप अधिक उडवली, अशा आशयाची आठवण ओस्टवाल्ड यांनी पुढे नोंदवली आहे.

ऑगस्ट १८८४ मध्ये ओस्टवाल्ड स्वतः उप्सालाला आले आणि त्यांनी अऱ्हेनियस यांना रिगा येथे अध्यापकपद देऊ केले. बाहेरच्या विद्यापीठाने मागणी घातल्यावर उप्सालानेही त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना भौतिकी रसायनशास्त्राचे अध्यापकपद दिले. वडील गंभीर आजारी असल्याने अऱ्हेनियस यांना त्या वेळी देश सोडता आला नाही. १८८५ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्यानंतर एडलुंड यांच्या प्रयत्नांमुळे त्यांना विज्ञान अकादमीकडून प्रवासवृत्ती मिळाली. पुढील काळात त्यांनी रिगा येथे ओस्टवाल्ड, वुर्त्सबुर्ग येथे कोलराउश, ग्रात्स येथे लुडविग बोल्ट्झमान आणि ॲमस्टरडॅम येथे व्हान्ट हॉफ यांच्याकडे काम केले.

विद्युत अपघटनी विचरणाचा सिद्धांत

१८८४ च्या प्रबंधात सक्रिय रेणू म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट झालेले नव्हते. ते स्पष्ट होण्यास व्हान्ट हॉफ यांच्या संशोधनाची मदत झाली. द्रावणांना वायूंसारखेच नियम लागू पडतात, असे व्हान्ट हॉफ यांनी दाखवले होते. मात्र क्षार, आम्ले व आम्लारी यांची द्रावणे त्या नियमात बसत नसत. उदाहरणार्थ, पदार्थ विरघळल्याने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो आणि ही घट विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असते. साखरेच्या बाबतीत ही घट अपेक्षेप्रमाणे येते. तेवढेच रेणू मिठाचे घेतल्यास घट जवळजवळ दुप्पट, तर कॅल्शियम क्लोराइडचे घेतल्यास जवळजवळ तिप्पट येते. व्हान्ट हॉफ यांनी या विसंगतीसाठी समीकरणात एक गुणक घातला होता. तो का लागतो, हे मात्र सांगितलेले नव्हते.

अऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये त्याचे कारण सांगितले. मिठाचा एक रेणू पाण्यात दोन कण होऊन वावरतो: सोडियमचा धन आयन आणि क्लोरिनचा ऋण आयन. कॅल्शियम क्लोराइडचे तीन कण होतात. साखरेचा रेणू अखंड राहतो, म्हणून तो वीजही वाहत नाही आणि गोठणबिंदूही जादा खाली आणत नाही. त्यांनी अनेक पदार्थांसाठी हा गुणक दोन स्वतंत्र मार्गांनी काढला, एकदा गोठणबिंदूवरून आणि एकदा वाहकतेवरून. बहुसंख्य पदार्थांसाठी दोन्ही उत्तरे जवळपास सारखी आली. ज्या दोन मापनांचा वरवर पाहता एकमेकांशी काही संबंध नाही, ती एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवत होती. हा निबंध ओस्टवाल्ड आणि व्हान्ट हॉफ यांनी नव्याने सुरू केलेल्या भौतिकी रसायनशास्त्राच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध झाला.

या सिद्धांतानुसार वीज रेणूंना फोडत नाही. विचरण विरघळतानाच झालेले असते, वीज फक्त तयार आयनांना आपापल्या विद्युताग्राकडे ओढते. किती रेणूंचे विचरण झाले, याचे प्रमाण वाहकतेवरून काढता येते. लिटरमागे ०.१ मोल इतक्या संहतीला हायड्रोक्लोरिक आम्ल हे ॲसेटिक आम्लाच्या सुमारे ७५ पट वाहक असते, कारण ॲसेटिक आम्लाच्या दर शंभर रेणूंपैकी साधारण एकाचेच विचरण झालेले असते.

याच पायावर आम्ल आणि आम्लारी यांच्या व्याख्या उभ्या राहिल्या. पाण्यात हायड्रोजन आयन देतो तो पदार्थ आम्ल, आणि हायड्रॉक्साइड आयन देतो तो आम्लारी. या दोन आयनांचा संयोग होऊन पाणी तयार होणे म्हणजे उदासिनीकरण. कोणतेही प्रबळ आम्ल आणि कोणतीही प्रबळ आम्लारी घेतली तरी उदासिनीकरणात बाहेर पडणारी उष्णता दर मोलला सुमारे ५७ किलोज्यूल इतकीच का असते, याचाही यातून उलगडा झाला. प्रत्येक वेळी घडणारी मूळ अभिक्रिया एकच असते.

विरोध आणि स्वीकृती

सिद्धांताला तीव्र विरोध झाला. सोडियम हा पाण्याशी भडका उडवणारा धातू आहे आणि क्लोरिन हा हिरवट, विषारी वायू. मिठाच्या पाण्यात हे दोन्ही मोकळे फिरत असतील, तर त्यांचा स्फोट का होत नाही किंवा वास का येत नाही, असा विरोधकांचा आक्षेप होता. आयन आणि अणू यांत विद्युतप्रभाराचा फरक आहे आणि त्या फरकाने गुणधर्म पूर्ण बदलतात, असे अऱ्हेनियस यांचे उत्तर होते. परंतु तो प्रभार कशाचा, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ मध्ये लागला, त्यानंतरच या उत्तराला भक्कम आधार मिळाला.

ब्रिटनमध्ये हेन्री आर्मस्ट्राँग आणि रशियात दिमित्री मेंडेलीव हे प्रमुख विरोधक होते. द्रावणात विचरण होत नसून पाण्याशी निश्चित प्रमाणात संयुगे बनतात, असे मेंडेलीव यांचे मत होते. दुसरीकडे ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये दुर्बळ आम्लांसाठी विरलतेचा नियम सांगून सिद्धांताला गणिती बळ दिले आणि लाइपत्सिग येथील आपल्या प्रयोगशाळेतून त्याचा प्रसार केला. या गटाला त्या काळी आयनवादी म्हटले जाई.

अभिक्रियेचा वेग आणि तापमान

१८८९ मध्ये अऱ्हेनियस यांनी आम्लाच्या सान्निध्यात उसाच्या साखरेचे विघटन कोणत्या वेगाने होते, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान थोडेसेच वाढवले तरी अभिक्रियेचा वेग फार वाढतो. नेहमीच्या तापमानाला अनेक अभिक्रियांचा वेग दर १० अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होतो. रेणूंची सरासरी ऊर्जा एवढ्याने फारशी वाढत नाही. मग वेग दुप्पट कसा होतो? याचे उत्तर देताना त्यांनी असे मांडले, की सर्वच रेणू अभिक्रियेत भाग घेत नाहीत. ठरावीक किमान ऊर्जा असलेले थोडेच रेणू तो उंबरठा ओलांडतात आणि तापमानाबरोबर या थोड्यांची संख्या झपाट्याने वाढते. या किमान ऊर्जेला सक्रियन ऊर्जा म्हणतात. सक्रिय व निष्क्रिय रेणूंची १८८४ मधील कल्पना येथे नव्या रूपात उपयोगी पडली.

कार्बन डायऑक्साइड आणि पृथ्वीचे तापमान

१८९१ मध्ये अऱ्हेनियस स्टॉकहोम येथील उच्च विद्यालयात (आजचे स्टॉकहोम विद्यापीठ) अध्यापक झाले. १८९५ मध्ये, विरोधाला तोंड देऊन, ते तेथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि नंतर संस्थेचे प्रमुख झाले. या काळात हिमयुगे का आली, या प्रश्नाने त्यांचे लक्ष वेधले. अमेरिकी शास्त्रज्ञ सॅम्युअल लँगली यांनी चंद्राकडून येणाऱ्या उष्णतेची केलेली मोजमापे घेऊन, हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प किती उष्णता शोषतात, हे त्यांनी हाताने केलेल्या दीर्घ आकडेमोडीतून काढले. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार हवेतील कार्बन डायऑक्साइड निम्मा झाल्यास तापमान ४ ते ५ अंश सेल्सिअसने उतरेल आणि दुप्पट झाल्यास ५ ते ६ अंशांनी वाढेल. दगडी कोळसा जाळल्याने असा बदल होऊ शकेल, हेही त्यांनी पुढे लिहिले. मात्र तो होण्यास फार दीर्घ काळ लागेल आणि थंड प्रदेशांना त्याचा लाभच होईल, असा त्यांचा अंदाज होता. हा अंदाज आता चुकीचा ठरला आहे.

नोबेल पारितोषिक आणि उत्तरायुष्य

१९०१ मध्ये, पुन्हा एकदा विरोध पत्करून, अऱ्हेनियस स्वीडिश विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना डेव्ही पदक दिले आणि १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे कार्य भौतिकशास्त्राचे की रसायनशास्त्राचे, हा उप्सालातील जुना प्रश्न नोबेल समित्यांपुढेही उभा राहिला होता. रसायनशास्त्राच्या समितीवर त्या वेळी क्लेव होते. वीस वर्षांपूर्वी ज्यांना या कल्पनेत रसायनशास्त्र दिसले नव्हते, त्यांनी आता तिचे महत्त्व मान्य केले होते.

१९०५ मध्ये अकादमीने त्यांच्यासाठी भौतिकी रसायनशास्त्राची नोबेल संस्था स्थापन केली आणि अऱ्हेनियस अखेरपर्यंत तिचे संचालक राहिले. शरीरातील विषे आणि प्रतिविषे यांच्या अभिक्रियांना भौतिकी रसायनशास्त्राचे नियम लावून त्यांनी १९०७ मध्ये प्रतिरक्षा-रसायन या विषयावर ग्रंथ लिहिला. विश्वाची उत्पत्ती, तसेच जीवसृष्टीची बीजे प्रकाशाच्या दाबाने एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर पोचत असावीत ही कल्पना, यांवरील त्यांची लोकप्रिय पुस्तके अनेक भाषांत गेली.

वादग्रस्त बाजू

अऱ्हेनियस १९०० पासून मृत्यूपर्यंत भौतिकशास्त्राच्या नोबेल समितीचे सदस्य होते आणि रसायनशास्त्राच्या पारितोषिकांवरही त्यांचा प्रभाव होता. १९०६ मध्ये समितीने मेंडेलीव यांचे नाव सुचवले असताना अकादमीने ते पारितोषिक आंरी म्वासां यांना दिले. या बदलामागे अऱ्हेनियस यांचा प्रभाव होता आणि मेंडेलीव यांनी विचरण सिद्धांताला केलेला विरोध हे त्याचे एक कारण असावे, असे अनेक इतिहासकार मानतात. मेंडेलीव १९०७ मध्ये निवर्तले आणि आवर्तसारणीच्या जनकाला हे पारितोषिक कधीच मिळाले नाही. एकेकाळचे मित्र वाल्टर नेर्न्स्ट यांचे पारितोषिकही अऱ्हेनियस यांच्या विरोधामुळे लांबले, असे मानले जाते. तरुणपणी परीक्षकांच्या पूर्वग्रहाचा फटका बसलेले अऱ्हेनियस स्वतः परीक्षकांच्या आसनावर बसल्यावर पूर्वग्रहापासून मुक्त राहिले नाहीत, असा याचा अर्थ होतो.

१९०९ मध्ये स्थापन झालेल्या स्वीडनमधील वंशशुद्धीवादी संस्थेच्या मंडळावरही ते होते. त्या काळी अनेक सुशिक्षितांना शास्त्रीय वाटणारी ही विचारसरणी पुढे निराधार आणि घातक ठरली. त्यांच्या चरित्राचा विचार करताना ही बाजू वगळता येत नाही.

वैयक्तिक जीवन

१८९४ मध्ये अऱ्हेनियस यांनी आपली माजी विद्यार्थिनी सोफिया रुडबेक यांच्याशी विवाह केला. या विवाहातून त्यांना ओलोफ हा मुलगा झाला. परंतु दोनच वर्षांत पतिपत्नी विभक्त झाले. १९०५ मध्ये त्यांनी मारिया योहान्सन यांच्याशी दुसरा विवाह केला. त्यांना एक मुलगा व दोन मुली झाल्या. अल्पशा आजारानंतर २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. ज्या शहराने त्यांच्या प्रबंधाला खालची श्रेणी दिली, त्या उप्सालातच त्यांचे दफन झाले.

सिद्धांताच्या मर्यादा

अऱ्हेनियस यांचा सिद्धांत दुर्बळ आम्ले आणि आम्लारी यांना उत्तम लागू पडतो. मिठासारख्या प्रबळ विद्युत अपघटनी पदार्थांना मात्र तसाच्या तसा लागू पडत नाही. विरल केल्यावर मिठाची वाहकता वाढते, कारण अधिक रेणू फुटतात, असे त्यांना वाटत होते. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांची रचना कळल्यावर असे दिसले, की कोरड्या मिठातही सोडियम व क्लोरिन आयनरूपातच असतात, फक्त जागेवर जखडलेले असतात. पाणी त्यांना निर्माण करीत नाही, मोकळे करते. वितळलेले मीठ वीज वाहते, तेही याच कारणाने. संहत द्रावणातील वाहकता कमी भरते ती आयन कमी असल्याने नव्हे, तर ते एकमेकांना ओढून धरीत असल्याने, हे पीटर डेबाय आणि एरिख ह्युकेल यांनी १९२३ मध्ये दाखवले. त्याच वर्षी योहान्स ब्रॉन्स्टेड आणि थॉमस लावरी यांनी आम्ल व आम्लारी यांची अधिक व्यापक व्याख्या दिली. जिच्या रेणूत हायड्रॉक्साइड नाही, अशी अमोनियाही आम्लारी का ठरते, हे तीत सहज सामावते.

शालेय रसायनशास्त्रातील स्थान

या मर्यादा असूनही द्रावणांची ओळख आजही अऱ्हेनियस यांच्या मार्गानेच करून दिली जाते. महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत आम्ल, आम्लारी व क्षार हा पाठ शिकवताना विचरण, धन आयन, ऋण आयन या संज्ञा येतात आणि द्रावणाची वाहकता तपासण्याचा प्रयोग करून दाखवला जातो. दिवा लागला की नाही, एवढेच त्या प्रयोगात दिसते. तो किती प्रखर लागला, द्रावणात पाणी घातल्यावर त्याच्यात काय फरक पडला आणि साखरेने जे होत नाही ते मिठाने का होते, हे विचारावयास लागले की विद्यार्थी १८८३ मध्ये अऱ्हेनियस यांच्यापुढे असलेल्या प्रश्नाशी येऊन पोचतो.

स्टॉकहोम विद्यापीठातील एका मोठ्या प्रयोगशाळेला अऱ्हेनियस यांचे नाव देण्यात आले आहे.